अंधारातला ससा आणि नाशिकचं ऊन

‘पीटर रॅबिट’ची लेखिका-चित्रकार बीट्रिक्स पॉटर हिच्या आयुष्यावर आणि चित्रांवर लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने २०२२ मध्ये मोठं प्रदर्शन भरवलं. नंतर ते अमेरिकेतही फिरलं. निळ्या जाकिटातला ससा आपल्याकडच्या पोरांनाही पाठ आहे, त्यामुळे त्याच्याबद्दल वेगळं सांगत नाही. विषय आहे उजेडाचा. म्हणजे नसलेल्या उजेडाचा.

कागदावरचे जलरंग मांडायचे तर साधारण ५० लक्स (लक्स हे उजेडाचं माप), हा संग्रहालयांचा शिरस्ता. पॉटरबाईंची चित्रं चिमुकल्या हातांत मावणाऱ्या पुस्तकांसाठीची, आणि दालनात उजेड समईएवढा! चाळिशी लागलेल्या माणसाने सशाच्या मिशा शोधायच्या तरी कशा?

चिडचिड रास्त आहे, पण हिशेब मांडला की बोलती बंद होते. प्रकाशाने झालेलं नुकसान साठत जातं, भरून येत नाही. ५० लक्सखाली रोज ८ तास, ९० दिवस म्हणजे ३६,००० लक्स-तास. ५०० लक्सच्या ऑफिसात तेवढा मारा ९ दिवसांत बसतो; भर दुपारच्या लाखभर लक्सच्या उन्हात अर्ध्या तासाच्या आत. त्यातही सगळे रंग एकदम उडत नाहीत. मंजिष्ठेसारखे वनस्पतीजन्य लाल आधी जातात, गेरू जागचा हलत नाही. चित्राचा तोलच बिघडतो. खात्री करायची तर माउंटखाली, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली, झाकलेली कड बघा, मूळ रंग तिथे सापडतो.

‘आपल्याकडे जपतच नाहीत’ हे वाक्य आता येणारच. जरा थांबा. पॉटरचा मोठा संग्रह या म्युझियमकडे १९७३ मध्ये आला तो लेस्ली लिंडर या इंजिनिअरच्या मृत्युपत्रामुळे. बाईंची सांकेतिक लिपीतली डायरीही त्यानेच उलगडली. एका हौशी माणसाचा ध्यास तो. तशी माणसं नाशिकलाही आहेत.

दिवाळी अंकांची मुखपृष्ठं गाजवणाऱ्या दलाल-मुळगावकरांची मूळ चित्रं नाशकात लावायची झाली तर मुहूर्त डिसेंबर-जानेवारीचा. आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास हवी आणि आपल्या श्रावणात ते जमणं नाही. बाहेरच्या भिंतीला ओल येते, तिथे चित्र नको. खिडक्यांना अतिनील किरण अडवणारी फिल्म, वर डिमरचे एलईडी. लक्स मीटर खरा आणा, मोबाइलवरचं अॅप अंदाजापुरतं. माउंट आम्लमुक्त पुठ्ठ्याचा. चित्र वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्यांवर टांगायचं, चिकटवायला गव्हाच्या स्टार्चची खळ. सेलोटेप अजिबात नाही. त्याचा गोंद कागदात मुरतो आणि पिवळा डाग कायमचा राहतो. काच रंगाला टेकली तर दमट हवेत चिकटते, बुरशीही धरते, म्हणून मधे माउंटची जाडी हवीच.

आणि उन्हातून आलेल्या माणसाला थेट अंधारात ढकलू नका. डोळे सरावायला काही मिनिटं लागतात. आधीच्या खोलीत थोडा जास्त उजेड ठेवून तिथे हुबेहूब छापील प्रती लावा, मुलांच्या उंचीवर. त्यांना हात लावू द्या. चित्र काढायला पेन्सिली द्या, स्केचपेन दाराबाहेर.