तुम्ही विचारलंत म्हणून: भावाला संस्थेत का नाही ठेवत?

लग्नात, बाजारात, एसटीत, कुठंही कोणी भेटलं की प्रश्न तोच. "काहून वं ताई, मायचं वय झालं, तू तरी किती धावशीन, ठेवून दे ना त्याले एखांद्या संस्थेत." वाईट मनानं कोणी विचारत नाही, म्हणून एकदा नीट लिहिते.

माझा भाऊ बौद्धिक दिव्यांग आहे, तिशी ओलांडली त्यानं. आमचं गाव अमरावती जिल्ह्यात, दर्यापूर तालुक्यात. लोकांच्या डोक्यात ज्या संस्था असतात त्या बहुतेक लहान पोरांच्या, निवासी शाळा १८ वर्षांपर्यंत, बालगृहाचंही तेच. मग पुढं ते पोरगं जाणार कुठं? आपल्याच जिल्ह्यात वझ्झरला शंकरबाबा पापळकर हाच प्रश्न घेऊन वर्षानुवर्षं भांडत आले, बेवारस दिव्यांग पोरांना त्यांनी बाप म्हणून स्वतःचं नाव दिलं आणि १८ नंतर यांना बाहेर काढू नका, तसा कायदा करा म्हणून सरकारच्या मागं लागले. २०२४ ला त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा मला घरच्या माणसाला मिळाल्यासारखा आनंद झाला. पण त्या पोरांना कोणीच नव्हतं. माझ्या भावाला आई आहे, मी आहे, अख्खं गाव ओळखतं.

आणि गावात तो नुसता बसून नसतो. सकाळी बकऱ्या सोडतो, कोणाचं ढोर कोणत्या गोठ्यातलं हे त्याला बरोबर ठाऊक, वेचणीला बाया निघाल्या की पाण्याची कॅन त्याच्याच खांद्यावर. हे आपोआप नाही आलं. शर्टाच्या बटणांचं सांगते. शाळेतल्या मॅडमनी आईला दाखवलं होतं की वरची सगळी बटणं तुम्ही लावा, सगळ्यात खालचं एक त्याच्यासाठी सोडा, कारण ते त्याला मान वाकवली की दिसतं, आणि शेवट त्याच्या हातानं झाला की "मी शर्ट घातला" असं त्याला वाटतं. ते जमलं की खालची दोन, मग तीन. अख्खा उन्हाळा गेला त्यात, पण आज तो स्वतः तयार होतो, आणि आंघोळ, जेवण, चप्पल सगळं आईनं तसंच तुकडे पाडून शिकवलं. असं शिकवणारं माणूस गावागावात यायला पाहिजे, माझं म्हणणं एवढंच आहे.

कागदांचंही विचारता म्हणून पटकन सांगते. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, आधी काढा, त्याच्याशिवाय काही हलत नाही. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेचा निरामय आरोग्य विमा आहे, १ लाखापर्यंत, थेरपी आणि ओपीडीचाही खर्च ठरलेल्या मर्यादेत मिळतो, आधी मेडिकल तपासणी मागत नाहीत. आणि हे फार कमी लोकांना माहीत असतं, मूल १८ चं झालं की आईबाप कायद्यानं आपोआप पालक राहत नाहीत, १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली कलेक्टरांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज करून कायदेशीर पालकत्व घ्यावं लागतं. आम्हाला ते बँकेत अडलो तेव्हा कळलं. आई आहे तोवर करून ठेवा बाप्पा, नंतर फार धावपळ होते.

राहिला सांभाळायला मदतीचा प्रश्न. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. वस्तू वाटल्या जातात, त्याही लागतातच, पण मी ग्रामसभेत अर्ज दिलाय की गावातल्याच एखाद्या बाईला ट्रेनिंग देऊन रोज काही तास मानधनावर ठेवा, अशी घरं आमच्या गावात आणखीही आहेत. आईचे गुडघे गेलेत, तिला साधं दवाखान्यात जायचं तरी मला सुट्टी टाकून यावं लागतं.

तो अर्ज मंजूर होईल तेव्हा होईल. तोवर ज्यांना आमची काळजी वाटते त्यांनी एखाद्या दुपारी दोन तास त्याच्याजवळ बसावं, खरंच सांगते. त्याला कधीकधी फिट येते. आली तर कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, कांदा-चप्पल नाकाला लावायची नाही, पाच मिनिटांच्या वर गेली तर १०८ ला फोन. एवढं शिकून घ्या, बाकी त्याला काय पाहिजे ते तो स्वतः सांगतो.