ओढा कृष्णेला मिळतो तिथं

आमच्या गावचं जॅकवेल, म्हणजे नदीतून पाणी उचलायची विहीर, कृष्णेच्या काठाला आहे आणि त्याच्या वरच्या अंगाला, हाकेच्या अंतरावर, गावचा ओढा नदीला मिळतो. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. लग्न होऊन पलूस तालुक्यात आले तेव्हापासून त्या वाटेनं मी किती वेळा गेले असेन त्याची गणती नाही. पण गटार ओढ्यात, ओढा नदीत, नदी जॅकवेलात, जॅकवेलातलं टाकीत आणि टाकीतलं माझ्या माठात, असा सरळ विचार मी कधी केला नव्हता.

जल जीवन मिशनमध्ये गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायला शिकवतात. बचत गटातून माझं नाव गेलं. एक पेटी मिळाली. पीएच, कठीणपणा, क्लोराईड, नायट्रेट, फ्लोराईड असं सगळं थेंब टाकून आणि रंग जुळवून बघायचं. त्याशिवाय एक छोटी बाटली असते. त्यात खुणेपर्यंत पाणी भरायचं आणि उबदार जागी ठेवायचं. दोन दिवसांत पाणी काळं पडलं, तर त्यात मैल्याचे जंतू असण्याची दाट शक्यता. थंडीच्या दिवसांत ऊब मिळावी म्हणून मी ती बाटली जुन्या लुगड्यात गुंडाळून चुलीशेजारी ठेवायचे. एक सांगते, ही पेटी ज्यांच्याकडे आहे त्यांनी नदीचं कच्चं पाणी त्या बाटलीत भरून गावात घबराट करू नये. नदीच्या पाण्यानं ती काळी होणारच. बघायचं ते नळाचं पाणी.

त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत कावीळ आली. एका घरातली दोन्ही पोरं आडवी झाली. मी आमच्या गल्लीतल्या शेवटच्या नळाचं पाणी बाटलीत भरलं, तर सकाळी उठून बघते तो काळंभोर. टाकीजवळच्या नळाची बाटली मात्र स्वच्छ. मग ओटी टेस्ट केली. पाण्यात क्लोरीन असेल तर पिवळा रंग येतो. टाकीजवळ फिकट पिवळा आला, आमच्याकडं काहीच नाही.

माझा सगळा राग पाणीपुरवठ्याच्या आण्णांवर निघाला. "आण्णा, टीसीएल टाकताय का नाही, खरं सांगा," असं मी चावडीसमोर, चार माणसांत विचारलं. टीसीएल म्हणजे पाण्यात टाकायची क्लोरीनची पावडर. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी मला टाकीवर बोलावलं, माझ्यादेखत पावडर मोजली, बादलीत कालवली, निवळी टाकीत सोडली. म्हणाले, "आता जा आणि तुझ्या नळाला बघ." गेले. पाणी आल्यावर थेंब टाकले. रंग नाही. शेवटच्या नळाला लिटरमागं किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवं, इथं काहीच उरत नव्हतं. मी चार माणसांत बोलले होते, म्हणून माफीही चार माणसांतच मागितली. आण्णा "असू दे गं" म्हणाले, पण वीस वर्षं पहाटे उठून टाकीवर जाणाऱ्या माणसाला मी खोटं ठरवलं होतं, ते मला अजून लागतं.

मग क्लोरीन जातो कुठं? याचं उत्तर जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत नमुना घेऊन गेले तेव्हा मिळालं. (जंतूंच्या तपासणीचा नमुना निर्जंतुक बाटलीतच घ्यायचा, बर्फात ठेवायचा आणि त्याच दिवशी पोचवायचा. पहिल्या वेळी मी घरची बाटली नेली होती, ती परत आली.) तिथल्या बाईंनी नीट समजावलं. कच्च्या पाण्यातच सांडपाणी आणि कुजका मळ जास्त असला की क्लोरीन त्याच्यावरच खर्च होतो. जंतू मारायला आणि पुढं नळापर्यंत टिकायला तो शिल्लक राहत नाही. पावडर वाढवून हे भागत नाही, मुळात नदीतून उचललेलं पाणी सुधारायला लागतं.

गावात हे सांगितलं, तर सगळ्यांचं बोट वरच्या अंगाला. "वरनं मळी सोडत्यात, आपण काय करणार?" ते काही खोटं नव्हतं. आमच्या पट्ट्यात साखर कारखाने आहेत, त्यांची मळी म्हणजे टाकाऊ पाणी आहे, आणि काठावरच्या सगळ्यांनीच कधी ना कधी पाणी काळपट झालेलं आणि मासे तोंड वर काढून तडफडताना बघितलेले आहेत. मळीचं पाणी कुजताना पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतं आणि मासा गुदमरतो. एकदा असं झालं तेव्हा आम्ही बाटल्या भरून तक्रार द्यायला गेलो. तिथं कळलं की आमच्या बाटलीला कायद्यात किंमत नाही. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याप्रमाणं सांडपाण्याचा नमुना अधिकाऱ्यानं, समोरच्याला नोटीस देऊन, ठरलेल्या रीतीनं सीलबंद केलेला असेल, तरच त्याचा अहवाल कोर्टात पुरावा म्हणून चालतो. साहेब आले तिसऱ्या दिवशी. तोवर पाणी कुठल्या कुठं गेलेलं. नदी काही थांबून राहत नाही. तेव्हापासून आम्ही एक शिस्त ठेवली आहे. रंग किंवा वास बदलला की तारीख, वेळ, जागा वहीत लिहायची, फोटो काढायचे आणि त्याच मिनिटाला फोन लावायचा. तक्रारीचं पुढं काय झालं ते दहा रुपयांचा स्टॅम्प लावून माहिती अधिकारात विचारायचं. वरच्या पाण्याचा आमचा पिच्छा अजून सुटलेला नाही, आणि सोडणारही नाही.

पण मला आमच्या ओढ्याचा संशय येत होता. पावसाळ्यानंतर कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याला बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातले की नदीला वाहतेपण राहत नाही, पाणी तुंबून तळं होतं. मग ओढ्याचं पाणी पुढं जाणार कुठं? जॅकवेलच्या तोंडाशीच घुटमळणार.

जवळच्या कॉलेजातली रसायनशास्त्राची मुलं त्यांच्या सरांबरोबर आली. तीन जागा ठरवल्या: गावाच्या वरचा घाट, ओढ्याचं तोंड आणि जॅकवेल. आमच्या पट्ट्यात मगरी आहेत, त्यामुळं पाण्यात कुणी उतरायचं नाही, काठीला बांधलेल्या डब्यानं पाणी घ्यायचं असं गावातल्या आबांनी आधीच बजावलेलं. घाटावरून ते स्वतः नजर ठेवून उभे राहिले. पाण्यातला ऑक्सिजन बघायची रीत मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. काचेची बाटली एकही बुडबुडा न ठेवता काठोकाठ भरतात आणि त्यात दोन रसायनं तळाशी सोडतात. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो. नसेल तर पांढरा.

वरच्या घाटाची बाटली तपकिरी झाली. जॅकवेलची फिकट, मातकट. ओढ्याच्या तोंडाची दुधासारखी पांढरी.

सर आकडे नंतर काढणार होते, पण आकड्यांची गरज कुणालाच वाटली नाही. तीन बाटल्या घाटाच्या पायरीवर शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. बघायला जमलेल्यांत तात्या होते, ते "वरनं मळी" सगळ्यात मोठ्यानं म्हणणारे. ते बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "म्हंजे वरचं आल्यालं पाणी आपणच घाण करून पितोय व्हय?"

त्या बाटल्या आम्ही फेकल्या नाहीत. दुसऱ्याच आठवड्यात सव्वीस जानेवारीची ग्रामसभा होती. कायद्यानं त्याआधी महिलासभा घ्यावी लागते आणि आमच्याकडं ती बहुतेक वेळा वहीवर सह्या घेऊन व्हायची. या वेळी आम्ही ती मारुतीच्या देवळात खरोखर घेतली, सत्तरच्या वर बायका आल्या. काविळीतून उठलेल्या पोरांची आई एरवी कुणासमोर बोलत नाही. त्या दिवशी तीच बाटली हातात धरून बोलली. ठराव एकच: गावातलं सांडपाणी प्रक्रिया केल्याशिवाय ओढ्यात जाणार नाही. ग्रामसभेला गणपूर्ती झाली नाही. मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी कमी असेल तितकी माणसं लागतात, तेवढी जमली नाहीत. सभा तहकूब झाली. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, म्हणून ठराव तिथं मंजूर होऊ शकला असता. पण मला तसं नको होतं. आम्ही घरोघर फिरलो आणि पुढच्या सभेला मंडपात बसायला जागा उरली नाही.

पैशाचा प्रश्न ग्रामसेवक भाऊसाहेबांनी सोडवला. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातला साठ टक्के निधी बंधित होता, त्यातला निम्मा पाण्यासाठी, निम्मा स्वच्छतेसाठी. तो रस्त्याला किंवा कमानीला वापरता येत नव्हता. हे मला ठाऊक असतं तर दोन वर्षं आधीच मागितला असता. पुढं आराखड्यात नाव घालणं, पंचायत समितीच्या अभियंत्याचं अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता यांत पाच महिने गेले. त्या चकरांबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. प्रत्येक कागदाची पोच घ्या, एवढंच सांगेन.

पहिली चूक आमचीच झाली. सगळीकडं शोषखड्ड्यांचं ऐकलेलं, म्हणून आम्हीही घराघरात शोषखड्डे घेतले. वरच्या आळीत, मुरुमाच्या जागेत, ते उत्तम चालले, आजही चालतात. खालच्या तीन गल्ल्या काळ्या मातीत. काळी माती भिजली की फुगते आणि पाणी पुढं सोडत नाही. त्यात नदी जवळ, म्हणजे पावसाळ्यात जमिनीखालचं पाणी आधीच वर आलेलं. पहिल्याच जुलैमध्ये खड्डे तुडुंब भरले आणि सांडपाणी अंगणात आलं. लोक चिडले आणि त्यांचं चिडणं रास्त होतं. खणायच्या आधी एक साधी परीक्षा करायला हवी होती: हातभर खड्डा घ्या, पाणी भरा आणि जिरायला किती वेळ लागतो ते बघा.

मग खालच्या गल्ल्यांचं पाणी बंद पाइपातून एका जागी आणून, ओढ्याच्या अलीकडं दगडगोट्यांचा वाफा करायचं ठरलं. २०१९ आणि २०२१ चा पूर आमच्या गावानं घरात घेतला आहे, त्यामुळं पूररेषेत पक्कं बांधकाम करायचंच नव्हतं. आधी प्लॅस्टिक अडवायला जाळी, मग गाळ बसायला खड्डा, मग मोठ्या खडीचा आणि त्यापुढं बारीक खडीचा लांबट चर, आणि त्यात कर्दळ. खडीवर जो बुळबुळीत थर धरतो त्यातले जिवाणू घाण खातात, कर्दळीची मुळं त्यांना आधार देतात. कर्दळीचे कंद विकत आणले नाहीत, प्रत्येक घरानं परसातले चार-चार दिले. म्हणून आमच्या वाफ्यात लाल, पिवळी, ठिपक्यांची अशी सगळी फुलं आहेत. इथून निघालेलं पाणी पिण्याचं नाही, त्यात जंतू असतातच. पण त्याला घाण वास येत नाही आणि नदीतला ऑक्सिजन ते पूर्वीइतका खात नाही.

सगळ्यात अवघड गेलं ते गोठ्यांचं. शेण, मूत, गोठा धुतलेलं पाणी सगळं ओढ्याकडंच जायचं, आणि घाण म्हणून बघाल तर ते घरगुती सांडपाण्यापेक्षा कितीतरी दाट. पण दूध हाच ज्यांचा आठवड्याचा पगार, त्यांना "गोठा हलवा" कसं म्हणायचं? एकेकाच्या दारात बसून बोललो. मूत आणि धुवण गोळा करायला छोटी टाकी करून ते उसाला सोडायला बारा जणांनी सुरुवात केली, दोघांनी अजून केलेली नाही. द्राक्षबागांच्या औषधाचे पंप ओढ्यात धुणं मात्र लवकर बंद झालं. शेताच्या बांधावरच धुवायचं असं तरुण पोरांनीच ठरवलं आणि पाळलं.

आमच्या गल्लीतला शेवटचा नळ आता बहुतेक दिवस ओटीला पिवळा रंग देतो. आण्णा स्वतः मला हाक मारून दाखवतात. दिवाळीनंतर आम्ही वाफ्यातला पुराचा गाळ काढतो, घरटी एक माणूस, दोन दिवस. कॉलेजची मुलं दर तीन महिन्यांनी येतात. जानेवारीत ओढ्याच्या तोंडाशी पहिल्यांदा फिकट का होईना, तपकिरी साका बसला, तेव्हा आबांनी सगळ्यांना पेढे वाटले.

यंदाच्या मे महिन्यात बंधाऱ्यात पाणी तुंबलेलं, वळीव आलेला नाही, आणि बाटली पुन्हा पांढरी निघाली. तात्या म्हणाले, "हे कशाला लिहितीस वहीत?" मी तारीख घातली, वेळ घातली आणि पुढं 'पांढरी' असं लिहिलं. मग आम्ही दोघं ओढ्याच्या काठानं वर चालत गेलो, कुठल्या गल्लीचं पाणी अजून वाफा चुकवून येतंय ते बघायला. स्टँडमागच्या नव्या घरांचं येतंय. त्यांचा पाइप या वर्षीच्या आराखड्यात घातला आहे.