भाचीचं पल्प अँड पेपरचं (म्हणजे लगदा आणि कागदाचं) एमटेक – मदत नेमकी कुठे लागते (माझा अनुभव)

मी गोव्यात फोंड्याजवळच्या कुंडईच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये पुठ्ठ्याचे बॉक्स बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला आहे, बरीच वर्षं झाली. क्राफ्ट पेपरच्या (बॉक्सच्या तपकिरी कागदाच्या) रीळचे तुकडे कापायचे, जीएसएम म्हणजे चौरस मीटरचं वजन बघायचं, बर्स्ट म्हणजे किती दाबाला कागद फुटतो ते काढायचं, कॉब म्हणजे कागद पाणी किती शोषतो ती टेस्ट लावायची, हेच दिवसभर. त्यामुळे माझ्या दादाची मुलगी केमिकल इंजिनिअरिंग संपवून आली आणि म्हणाली की आत्या मला पल्प अँड पेपरमध्ये एमटेक करायचंय, तेव्हा ती काय म्हणतेय ते घरात फक्त मलाच कळलं. वहिनी म्हणाली कागदात काय शिकायचं असतं एवढं. दादाचा प्रश्न सरळ होता, गोव्यात मोठी पेपर मिल कुठेय, मग पोरगी शिकून करणार काय?

त्याला मी वेर्ण्याच्या औषध कंपन्यांचं उदाहरण दिलं. तिथून निघणारी प्रत्येक गोळीची स्ट्रिप कार्टनमध्ये जाते, कार्टन आमच्यासारख्यांच्या बॉक्समध्ये जातात आणि हे सगळं शेवटी फायबरच (लाकडाचे तंतू) आहे, ते कुणीतरी बनवतं आणि बनवणारी माणसं कमी आहेत. शिवाय घाट चढला की दांडेली, तिथली वेस्ट कोस्ट पेपर मिल 1955 पासूनची. दादा लगेच हो म्हणाला नाही, पण ऐकून घेतलं त्याने.

कोर्स कुठला तर सहारनपूरचा, आयआयटी रूरकीचा तिथे वेगळा कॅम्पस आहे हे मलाही आधी माहीत नव्हतं. 1964 मध्ये स्वीडनच्या मदतीने तिथे कागदाचं शिक्षण सुरू झालं, 1992 मध्ये ती संस्था रूरकी विद्यापीठात गेली आणि 2001 मध्ये विद्यापीठाचीच आयआयटी झाली. केंद्र सरकारची पल्प अँड पेपरची संशोधन संस्था, सीपीपीआरआय, तीसुद्धा त्याच गावात. म्हणजे कागद शिकायचा तर जागा एकदम बरोबर, फक्त फोंड्याहून फार लांब.

आता प्रोसेस सांगते, कारण बरेच पालक मला हेच विचारतात. गेट म्हणजे एमटेकच्या प्रवेशाची परीक्षा, तिचा फॉर्म ऑगस्ट-सप्टेंबरच्या आसपास निघतो, परीक्षा फेब्रुवारीत, रिझल्ट मार्चमध्ये. स्कोअर तीन वर्षं चालतो, त्यामुळे पहिल्या वर्षी जमलं नाही तर लगेच रडत बसायचं नाही. मग प्रत्येक आयआयटीचा अर्ज वेगळा भरायचा आणि त्याशिवाय कोॲप नावाच्या पोर्टलवर रजिस्टर करायचं. इथे खूप मुलं गोंधळतात, कोॲपवर रजिस्टर केलं म्हणजे अर्ज झाला असं त्यांना वाटतं, पण ते पोर्टल फक्त ऑफर दाखवायला आणि स्वीकारायला आहे, अर्ज त्या त्या संस्थेकडेच करावा लागतो. ऑफर आली की तीन पर्याय असतात, ॲक्सेप्ट अँड फ्रीझ (हीच सीट पक्की), रिटेन अँड वेट (ही ठेवून पुढची वाट बघायची) किंवा रिजेक्ट अँड वेट (ही सोडून वाट बघायची). दुसऱ्या एका ठिकाणी साध्या केमिकलला लागेल म्हणून थांब असं तिच्या मैत्रिणी सांगत होत्या. मी तिला एवढंच विचारलं की तुला कागद हवाय की नुसतं आयआयटी हवंय? तिने फ्रीझ केलं.

इथून पुढे पैशाचा विषय, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त मुलं इथेच अडकतात. गेट पास होऊन एमटेकला गेलं की महिन्याला 12,400 रुपये स्टायपेंड मिळतो, त्याबदल्यात आठवड्याला आठ तास डिपार्टमेंटचं काम करायचं. लोक म्हणतात मग खर्चाचं काय एवढं, सुटला की प्रश्न. नाही सुटत. सीट घ्यायचे पैसे, पहिल्या सेमिस्टरची फी, हॉस्टेल, मेसचा ॲडव्हान्स, हे सगळं आधी भरायचं असतं आणि स्टायपेंड हातात यायला वेळ लागतो. लोनचंही तसंच. गोवा शिक्षण विकास महामंडळाचं बिनव्याजी एज्युकेशन लोन आहे, फार चांगली योजना, परतफेड शिक्षण झाल्यावर, पण त्यासाठी रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला, ॲडमिशन लेटर, जामीनदार हे सगळं जमवेपर्यंत फीची तारीख येऊन ठेपते. मधल्या काळासाठी आम्ही एका बँकेत गेलो तर तिथल्या साहेबांना हा कोर्स काय आहे तेच कळेना, प्रिंटिंग प्रेसचं शिक्षण का म्हणून विचारलं त्यांनी. मी त्यांना बसून समजावलं, आयआयटीचं पत्र दाखवलं, तरी फाईल पुढे सरकायला वेळ लागणारच होता.

मग मी माझ्या पतसंस्थेतल्या एफडीवर कर्ज काढलं. पावती ठेवली, सही केली, पैसे लगेच मिळाले. नंतर महामंडळाचं लोन मंजूर झालं आणि स्टायपेंडही सुरू झाला तशी तिने थोडं थोडं करून मला परत केलं, मी मागितले नव्हते पण तिने ते वहीत लिहून ठेवले होते. कोणाला या मुलांना खरंच मदत करायची असेल तर जून-जुलैमध्ये करा, दोन-तीन महिन्यांपुरती रक्कम उसनी द्या. वर्षाच्या शेवटी सत्कार करून शाल-श्रीफळ आणि पाकीट देण्यापेक्षा त्याचा उपयोग कितीतरी जास्त.

गोवा एक्सप्रेसने निजामुद्दीनपर्यंत आणि तिथून पुढे सहारनपूर, असा प्रवास करून दादा तिला सोडून आला. ऊन, मग थंडी, जेवणात मासे नाहीत, सगळीकडे हिंदी, ते सगळं तिने निभावलं. मी सोलं आणि उकडे तांदूळ पाठवायची.

पण खरा आधार तिला लागला तो अभ्यासात, आणि तो मी देऊ शकेन असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. पहिल्या सेमिस्टरला ती फोनवर सांगायची, डायजेस्टरमध्ये (शिजवायच्या मोठ्या बंद टाकीत) लाकडाच्या चिप्स कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइडबरोबर साधारण 165-170 डिग्रीला शिजवतात, फायबरना चिकटवून धरणारं लिग्निन विरघळतं, फायबर सुटतात, मग जो काळा लिकर उरतो तो आटवून रिकव्हरी बॉयलरमध्ये जाळतात, त्यातून वाफही मिळते आणि केमिकलही परत मिळतं. लिग्निन किती उरलं ते कप्पा नंबरवरून कळतं. मला यातलं काहीच माहीत नव्हतं, माझ्याकडे येतो तो तयार रीळ. पण ती बर्स्ट, टिअर (फाटायला लागणारा जोर), फ्रीनेस (लगद्यातून पाणी किती पटकन निथळतं) असं बोलायला लागली की निम्मं माझं रोजचं काम असायचं. तिच्या वर्गातल्या बऱ्याच जणांनी कधी कारखान्यातला रीळ हाताने फाडून बघितला नव्हता. मी तिला सांगायची, बाय, पावसाळ्यात आमचा 18 बीएफचा (बर्स्ट फॅक्टर, बर्स्टवरून काढलेला मजबुतीचा आकडा) कागद गोडाऊनमध्ये दमट झाला की बॉक्स मऊ पडतो आणि स्टॅकमध्ये खालचा बॉक्स बसतो, आणि आमच्याकडे गिऱ्हाइकांचे फोन सुरू होतात. ती म्हणायची आत्या म्हणूनच टेस्टच्या आधी कागद 23 डिग्री आणि 50 टक्के ह्युमिडिटीला ठेवायचा असतो, नाहीतर पणजीचा आकडा आणि सहारनपूरचा आकडा जुळणारच नाही.

दुसऱ्या वर्षी तिने प्रोजेक्टला रिसायकल फायबर घेतला. कागद एकदा वाळला की फायबरमधली बारीक छिद्रं मिटतात, पुन्हा भिजवला तरी तो आधीसारखा फुगत नाही, म्हणून फायबरमधली पकड कमी होते, त्याला हॉर्निफिकेशन म्हणतात. इतकी वर्षं मी सप्लायरशी भांडत होते की बर्स्ट का पडला, त्याचं एक कारण मला तिच्याकडून कळलं. आमच्या मालकांना विचारून वेगवेगळ्या लॉटचे नमुने प्लास्टिकमध्ये सील करून मी तिला कुरिअर केले, प्रत्येकावर जीएसएम, बीएफ आणि तारीख लिहून. मालक लगेच हो म्हणाले, त्यांना रिपोर्टची कॉपी हवी होती फक्त. छोट्या कारखान्यांनी हे करायला काहीच हरकत नाही, कटिंगमधला कागद नाहीतरी रद्दीत जातो, त्यातला थोडा मुलांना गेला तर त्यांना खरा डेटा मिळतो.

मिलमधल्या ट्रेनिंगचं मात्र कठीण गेलं. ईमेलला उत्तरं येत नव्हती, एका मिलने आधी हो सांगून मग जागा नाही म्हणून कळवलं, आणि पोरगी फोनवर रडली. शेवटी आमच्या क्राफ्ट सप्लायरकडे काम करणाऱ्या एका माणसाने ओळखीने एका मिलमध्ये बोलून दिलं. तिथे तिने शिफ्टच्या माणसांबरोबर मशीनवर उभं राहून वेब ब्रेक, म्हणजे मशीनवर चालता कागद तुटला तर तो कसा सांभाळतात ते बघितलं, तो आवाज आणि ती गरम हवा वर्गात मिळत नाही म्हणाली. ओळख नसलेल्या मुलांचं काय होत असेल हा विचार मला तेव्हापासून सोडत नाही. अमेरिकेत मेन राज्याच्या विद्यापीठात 1950 पासून पल्प अँड पेपर फाउंडेशन आहे, कागद कंपन्या आणि जुने विद्यार्थी मिळून शिष्यवृत्ती देतात आणि मुलांना मिलपर्यंत नेतात, असं तिने मला दाखवलं. आपल्याकडे एवढं मोठं उभं राहायला वेळ लागेल, पण एका इस्टेटमधले चार बॉक्सवाले मिळून एका मुलाचं ट्रेनिंग नक्की लावू शकतात, मी आमच्या इथे हे बोलायला सुरुवात केलीय आणि दोघं तयारही झालेत.

भाची आता एका पॅकेजिंग कंपनीत आहे, पुण्याकडे. मागच्या महिन्यात साखळी गावचा एक मुलगा आईला घेऊन आमच्याकडे आला होता, त्यालाही याच कोर्सला जायचंय. आईला मी कारखान्यात नेलं, फ्लूट म्हणजे पुठ्ठ्याच्या आतली नागमोडी घडी कशी पडते ते मशीनवर दाखवलं, आणि मुलाला सांगितलं की रहिवासी दाखल्याचा अर्ज रिझल्टची वाट न बघता आत्ताच टाक. भाचीने त्याला गेटचे जुने पेपर पाठवलेत.