सीसीएनएची किंमत: तेव्हा आणि आता

नेटवर्किंगमध्ये येऊ पाहणारी मुले सीसीएनए, म्हणजे नेटवर्कची उपकरणे बनवणाऱ्या सिस्को कंपनीचे सुरुवातीच्या पातळीचे प्रमाणपत्र, करावे का, असे मला नेहमी विचारतात. करावे, असेच मी सांगतो. मात्र नोकरी देणारा त्या प्रमाणपत्राकडे आज कोणत्या नजरेने पाहतो, हे फी भरण्यापूर्वी समजून घ्यावे, असे मला मनापासून वाटते.

सिस्कोने १९९३ मध्ये सीसीआयई हे तज्ज्ञ पातळीचे प्रमाणपत्र सुरू केले आणि १९९८ मध्ये सीसीएनए आणले. त्या काळी राउटरवर प्रत्यक्ष काम केलेला माणूस सहजासहजी मिळत नसे, त्यामुळे बायोडेटावरचा तेवढा उल्लेखही वजनदार ठरे. पुढे परीक्षेतील प्रश्नच ‘डम्प’ म्हणून सर्रास फिरू लागले आणि निव्वळ पाठांतरावर उत्तीर्ण होणारे वाढले. मायक्रोसॉफ्टच्या एमसीएसई या प्रमाणपत्राची गतही याआधी तशीच झाली होती. ‘पेपर एमसीएसई’, म्हणजे फक्त कागदावरचा तज्ज्ञ, हा शब्द त्यातूनच रूढ झाला. यात प्रामाणिकपणे अभ्यास करणाऱ्यांचे नुकसान झाले, याचे मला फार वाईट वाटते.

म्हणूनच आता खरी परीक्षा मुलाखतीत होते. दोन राउटरांमधील ओएसपीएफ (राउटरांनी एकमेकांना मार्गांची माहिती देण्याची पद्धत) जोडणी पूर्ण होण्याआधीच्या ‘एक्सस्टार्ट’ अवस्थेत अडकले आहे, तर आधी काय तपासाल, असे मी विचारतो. सगळ्या अवस्था क्रमाने घडाघडा सांगणारा उमेदवार येथे अनेकदा थांबतो. ज्याने रात्रपाळीत अशी लिंक स्वतः सुरू केलेली असते, तो दोन्ही टोकांचा एमटीयू (एका वेळी पाठवता येणाऱ्या पॅकेटचा कमाल आकार) जुळतो का, हे लगेच पाहायला सांगतो. अनुभवी माणसाच्या बाबतीत त्यामुळे मी प्रमाणपत्र शेवटी पाहतो. फ्रेशरचे मात्र आधी पाहिले जाते, कारण दाखवण्यासारखे दुसरे काम त्याच्याजवळ नसते आणि अर्जांच्या ढिगाऱ्यातून एचआरची पहिली चाळणी बहुधा त्यावरच लागते.

सिस्कोची उपकरणे विकणाऱ्या आणि बसवणाऱ्या भागीदार कंपन्यांचा हिशेब निराळा. सिस्कोकडून मिळणारा गोल्ड हा वरचा भागीदार दर्जा टिकवण्यासाठी ठरावीक संख्येने सीसीआयईधारक पदरी असणे तेथे वर्षानुवर्षे बंधनकारक होते, त्यामुळे अशा कंपनीला त्या प्रमाणपत्राचा थेट व्यावसायिक उपयोग असे.

सीसीएनएची मुदत तीन वर्षांची असते. फेब्रुवारी २०२० मध्ये सिस्कोने सीसीएनएच्या अनेक शाखा मोडून एकच परीक्षा ठेवली आणि तिच्यात ऑटोमेशनची ओळखही घातली. त्यामुळे जुन्या अभ्यासक्रमावर उत्तीर्ण झालेल्याने नूतनीकरण करणे योग्यच आहे. पण ज्या कंपनीला निविदेत किंवा ग्राहकापुढे ते प्रमाणपत्र दाखवायचे असते, तिने त्याचा खर्च कर्मचाऱ्याच्या माथी मारू नये आणि अभ्यासासाठी त्याला कामाच्या वेळेतून सवडही द्यावी.