आडनावातलं गाव

अलिबागच्या स्टँडवर एसटीची वाट बघता बघता पाट्या वाचायची सवय लहानपणीच लागली. रोहा, पेण, चौल, झिराड. पुढे एकदा ज्यू मंडळींच्या कब्रस्तानात गेलो, तर याच पाट्या तिथेही! दगडावर वर हिब्रू अक्षरं, आपल्याला ओ की ठो न कळणारी. आणि खाली स्वच्छ मराठीत रोहेकर, पेणकर, चेऊलकर, झिराडकर.

हे बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. आमची आजी त्यांना 'शनवार तेली' म्हणायची. धंदा तेलाच्या घाण्याचा, आणि शनिवार हा ज्यूंचा विसाव्याचा पवित्र वार, म्हणून त्या दिवशी घाणा बंद. कुणी काही म्हणो, बंद म्हणजे बंद. त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात की नवगावजवळ गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या किनाऱ्याला लागल्या. बाकीच्यांना नवगावलाच मातीत ठेवलं. तिथे आता स्मारक आहे.

मला त्यांची आवडती गोष्ट मात्र माशांची. डेव्हिड रहाबी नावाचा कुणी परदेशी ज्यू आला, त्याला ही माणसं आपल्यातली वाटेनात. त्याने बायकांपुढे सरमिसळ म्हावऱ्याची टोपली ठेवली. बायकांनी खवलं आणि पर असलेले मासे तेवढे उचलले, बाकीचे बाजूला सारले. ज्यूंना धर्माने तेवढेच मासे चालतात. पटली ओळख! आता कोकणात राहून कोळंबी आणि कुर्ल्या पिढ्यान्‌पिढ्या बाजूला सारायच्या, याला काय म्हणावं? मला तर एका श्रावणात नाकी नऊ येतात.

अलिबागेत इस्रायल आळी आहे, तिथलं 'मागेन अबोथ' प्रार्थनास्थळ 1848 सालचं. बरोबर शंभर वर्षांनी तिकडे इस्रायल देश झाला आणि आळीतली घरं एकेक करत रिकामी होत गेली. म्हातारे गेले ते इथेच राहिले.

त्या दिवशी कब्रस्तानाच्या कोपऱ्यातल्या एका दगडावर शेवाळाचा हिरवा थर होता. जवळच पडलेलं नारळाचं सोडण घेतलं आणि हलक्या हाताने घासलं. हिब्रू पार झिजलेलं. नाव गेलेलं. आडनावाचाही पुढचा भाग पावसाने खाल्लेला. शेवटचं 'कर' तेवढं खोल कोरलेलं निघालं. कुठल्या गावचे, ते ओळखता येईना. मी आपला स्टँडवरच्या पाट्या एकेक करून त्याला लावून बघत बसलो.