कुत्र्यांसाठी नाचणीची बिस्किटं, पावसाळ्यातही टिकणारी

कुत्र्यासाठी घरी बिस्किटं करण्यात कठीण असं काही नाही. मुंबईत खरी अडचण असते ती टिकण्याची. जून ते सप्टेंबर इथली हवा इतकी दमट असते, की वरून कडक दिसणारं बिस्किट आत जरा ओलं राहिलं तर काही दिवसांतच डब्यात बुरशी धरते. म्हणून इथे भाजण्यापेक्षा सुकवण्यावरच भर दिलाय.

नाचणीचं पीठ १५० ग्रॅम, मिक्सरमधून काढलेले साधे ओट्स ५० ग्रॅम, लाल भोपळ्याचा गर १०० ग्रॅम, एक अंडं आणि छोटा चमचाभर तेल. मीठ, गूळ, बेकिंग पावडर काही नको. मसाला ओट्स तर अजिबात नकोत, त्यात कांदा-लसणाची पावडर असते आणि ती कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशींवर घाला घालते.

भोपळा पाण्यात उकडू नका. चाळणीवर वाफवा, कुस्करा आणि दहा मिनिटं गाळणीत निथळत ठेवा. गर पाणीदार राहिला की गोळा हाताला चिकटतो, मग आपण वरून पीठ ढकलत राहतो आणि बिस्किटांचे दगड होतात. नाचणीत ग्लुटेन नसतं, त्यामुळे गोळा कणकेसारखा ताणला जात नाही. तो धरून ठेवायचं काम अंड्याचं. मळून वीस मिनिटं झाकून ठेवा, तेवढ्यात ओट्स ओल शोषून घेतात. मग धुऊन कापलेल्या दुधाच्या पिशव्यांमध्ये ठेवून ५ मिलिमीटर जाड लाटा. लाटताना कडा तडकल्या तर ओल्या बोटानं दाबून घ्या.

सुरीनं तीन सेंटिमीटरच्या आतले चौकोन कापले की साधारण ८० बिस्किटं होतात. हाडाच्या आकाराचे साचे फोटोपुरते ठीक. मधला अरुंद भाग आधी करपतो आणि टोकं ओली राहतात.

ओटीजी १६० अंशांवर आधी तापवून २५ मिनिटं भाजा, मधे एकदा उलटा. मग तापमान १०० अंशांवर आणून आणखी तासभर ठेवा. हा तास गाळला की सगळं मुसळ केरात. सुकली का हे ओळखायला वजनकाटा घ्या: कच्चा गोळा ३५० ग्रॅमच्या आसपास भरतो, बिस्किटं २३० ग्रॅमपर्यंत उतरली पाहिजेत. काटा नसेल तर एक बिस्किट पूर्ण गार करून मोडा. टक्कन तुटायला हवं. मधे गडद, मऊ पट्टा दिसला तर पुन्हा ओव्हनमध्ये. गरम असताना मोडून काही कळत नाही, तेव्हा ती मऊच लागतात.

गार झाल्याशिवाय डबा बंद करू नका, नाहीतर झाकणाला आतून घाम सुटतो. कोरड्या दिवसांत स्टीलच्या घट्ट डब्यात दोन आठवडे टिकतात. पावसाळ्यात आठवड्यापुरती फ्रीजमध्ये आणि बाकीची फ्रीझरमध्ये ठेवा. एकावर जरी बुरशी दिसली तरी अख्खा डबा टाका. काही बुरशींच्या विषानं कुत्र्यांना झटके येतात.

दाण्याचं कूट घालायचं असेल तर बिनमिठाचं, ताजं आणि चमचाभरच. खवट किंवा काळपट दाणे नकोत, त्यातलं अफ्लाटॉक्सिन (बुरशीचं विष) थेट यकृतावर जातं. पीनट बटर शुगर-फ्री असेल तर लेबलवर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) आहे का ते वाचा. ते थोडंसुद्धा घातक आहे. मनुका, द्राक्षं, चॉकलेट, जायफळही वर्ज्य.

यातलं एक बिस्किट जेमतेम १० कॅलरींचं. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या १० किलोच्या कुत्र्याला दिवसाला सुमारे ६०० कॅलरी लागतात आणि खाऊ त्याच्या दहा टक्क्यांत बसायला हवा. म्हणजे पाच-सहा बिस्किटं, आणि तेवढं जेवण कमी. शिकवताना एकाचे चार तुकडे करा, कुत्रा आकार मोजत नाही.

बिस्किटाला तोंड न लावणाऱ्यांसाठी चिकनची कलेजी: २५० ग्रॅम, बिनमिठाच्या पाण्यात दहा मिनिटं उकळून, सेंटिमीटरभर तुकडे करून, ११० अंशांवर दोन तास. थाळीत तुकडे एकमेकांना चिकटू देऊ नका. ही फ्रीझरमध्येच ठेवायची, आणि कलेजीत अ जीवनसत्त्व भरपूर असल्यानं रोज मूठभर द्यायची नाही. मूत्रपिंडाचा किंवा स्वादुपिंडाचा त्रास असलेल्या कुत्र्याला यातलं काहीही देण्याआधी डॉक्टरांना विचारा.