घरात कोण, आणि जबाबदार कोण?

सोमवार, दिवाळीची सुट्टी संपल्यानंतर

आज चौथीच्या वर्गात निम्मीच मुले होती. बीड जिल्ह्यातील आमच्या भागातून ऊसतोडीच्या टोळ्या गेल्या, त्या आता मार्च-एप्रिलमध्येच परततील. उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) कोयत्यामागे, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीमागे मिळत असल्याने आईला गावी थांबता येत नाही. मग लेकरे उसाच्या फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत जातात, नाहीतर आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. त्यामुळे कुटुंब एकत्र की विभक्त, एवढ्या विचारणेने आमच्याकडे फारसे काही कळत नाही.

वर्गातील एका मुलीने आज माहितीचा कागद भरताना विचारले, "बाई, पालक म्हणून कुणाचं नाव टाकू, मायचं का आजीचं?" तिचे वडील वारले, आईने दुसरे लग्न केले. त्या घरी नवऱ्याची पहिली दोन मुले आहेत, शिवाय या लग्नाचा एक लहान भाऊ. ही मात्र आजोळी असते. आई फडावरून रात्री फोन करते, जेवलीस का म्हणून विचारते, पण अभ्यासावरून रागवत नाही, कारण सांभाळणाऱ्या आजीला ते टोचेल असे तिला वाटते. आजी रागवत नाही, कारण लेकराला बाप नाही. सासरी सावत्र मुलांसमोर स्वतःच्या मुलीचे नाव वारंवार घेणेही त्या आईला अवघड जाते. माया सगळ्यांची आहे, परंतु निर्णय घेणारे कोणीच नाही, आणि मुलीला हे नेमके कळते.

याउलट, वस्तीवरील एका खटल्याच्या, म्हणजे मोठ्या एकत्र कुटुंबाच्या घरात आईवडील ऊसतोडीला गेले तरी चुलती हक्काने कान धरते, आणि तिथली मुले शाळा सहसा बुडवत नाहीत. माणसांच्या संख्येपेक्षा हा सर्वमान्य हक्क मला महत्त्वाचा वाटतो.

१ मे २०१४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आता आईचे नाव लागते, हे योग्यच झाले. तरी रात्री ताप आला तर कोणाला उठवायचे, हे त्यातून कळत नाही. कागदावर मी दोघींची नावे लिहून घेतली. एक पालक गमावलेल्या मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे, तिचा अर्जही भरायचा आहे. मात्र वडिलांचा मृत्यूचा दाखला आईच्या सासरी पेटीत आहे, आणि त्या घराला सध्या कुलूप आहे.